आशीर्वाद वाचला, नंबर नाही

गुरुवार संध्याकाळ, नरडाणा

सायकलवाल्यांनो, आपल्याला रस्त्यावर कोणी माणूस समजतच नाही! आज टेम्पोचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. रेल्वे फाटक बंद होतं म्हणून मी त्याला गाठलं आणि ड्रायव्हरला सगळ्यांसमोर भाषण देऊन झापलं. तो हसला. "आबा, हाई सायकल शे का सभा?" सायकल आहे की सभा, म्हणे! फाटक उघडलं, तो गेला. टेम्पोच्या मागचं 'आईचा आशीर्वाद' मला पाठ आहे, नंबर मात्र पाहिलाच नाही. एवढी पुस्तकं वाचली, आणि आज वाचलं काय? कोपर अजून चुरचुरतंय. उद्या याच रस्त्याने माझी नात सायकलवर शाळेत जाणार. तिला काय, भाषण शिकवू? नाही. सायकलवाल्यांनो, भांडण नंतर. आधी नंबर तळहातावर लिहून घ्या.