सेमीफायनलचं दही

शुक्रवार, डिसेंबर १९८६, नेपरव्हिल, अमेरिका

उद्या सेमीफायनल. हरलो तर सीझन संपला, पण आपण जिंकणार. एवढी खात्री कुठून आली, मलाच ठाऊक नाही.

माझा निखिल इथल्याच कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा किकर, म्हणजे पायानं बॉल मारून पॉइंट मिळवणारा. दर मॅचला निघताना मी त्याच्या हातावर दही-साखर ठेवते. एकदाच थंडीनं दही लागलं नाही, आणि यंदा तेवढी एकच मॅच गेली. हे त्यानं टीमला सांगितलं. झालं! दुपारी कोचचा फोन. "मिसेस जोशी, सकाळी बस तुमच्या दारात थांबवू का? सगळ्यांनाच ते योगर्ट हवंय."

मोठ्या पातेल्यात विरजण लावलंय. या गारठ्यात लागेल ना? लागेल. सुधीरनं स्वतःचा कोट पातेल्याभोवती गुंडाळला. फुटबॉलपायी पोराचं इंजिनिअरिंग बुडणार म्हणून हा नवरा माझा आजवर एकाही मॅचला आलेला नाही.

मी विचारलं, "सगळ्यांना पुरेल ना रे हे दही?"

"पुरेल. सकाळी माझ्याही हातावर ठेव," तो म्हणाला. "मी बसच्या मागून ड्राइव्ह करतोय."