प्रिंटच्या शेवटची ओळ

अप्पा,

तुम्ही दवाखान्यातून येईपर्यंत मी नाशिकच्या बसमध्ये असेन. आईकडे जातेय, परत कधी ते ठरवलेलं नाही. आमटी गॅसवर आहे, पोळ्या डब्यात. बीपीची गोळी जेवल्यावर, आधी नाही.

तुमचा कॉम्प्युटर जोडून झाला. राखोलीच्या आमच्या कारखान्याने जुना म्हणून काढला होता, साहेबांनी स्वस्तात दिला. इंटरनेट शेजारच्या प्रकाशभाऊंबरोबर निम्म्यात घेतलंय, सकाळचे तास आपले. ते फोनवरून जोडतात, पण नंबर सिल्वासाचाच लागतो, एसटीडी नाही, तेव्हा बिलाची धास्ती घेऊ नका. जोडताना फोनच्या वायरीला लावलेला तो छोटा डबा, मोडेम, किंचाळतो. घाबरून वायर उपटू नका!

उदयच्या मस्कतहून येणाऱ्या ई-मेल आता तुम्हीच उघडा. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलाय. मी ऑफिसातून प्रिंट आणायची वाट बघायला नको.

एक राहिलंच, तोंडाने सांगायला जमलं नाही. प्रत्येक प्रिंटच्या शेवटी 'सुवर्णाला जपा' असायचं. ती ओळ तुम्हाला पडद्यावर दिसणार नाही. तुमच्या लेकाने ती कधी लिहिलीच नव्हती. दोन वर्षांत त्याने बायकोचं नावही काढलेलं नाही. ती ओळ मीच टाइप करायचे. माझ्यावर रागवा, पण त्याला विचारू नका.

तुम्ही मात्र ती वाचली की चष्मा काढून ठेवायचात आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठायचात. दर वेळी.

सुवर्णा