पहिला आवाज लांबवण्याचा हक्क

एखादा आवाज मुळातच गोड असतो, की ऐकणाऱ्याच्या धीरामुळे गोड होतो? मी भाषाशास्त्राची पदवी घेतली, घरातली पहिली पदवीधर झाले, तरी याचे उत्तर मला येत नाही. ते सापडेपर्यंत थांबायलाही वेळ नाही, कारण उद्या माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. "साधी गाठ आहे हो, मृत्युपत्र कसलं लिहिताय?" डॉक्टर हसले. त्यांनी माझे काका पाहिलेले नाहीत.

म्हणून मी, वय सव्वीस, अविवाहित, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची धाकटी मुलगी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही हात धरून लिहवून घेत नसताना, हे लिहून ठेवते.

१. माझी सायकल आईला. "या वयात?" असे ती म्हणेल. हो, याच वयात.

२. पदवीचे प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवरून हलवू नये. बाबा मशीनच्या तेलाचे हात धुऊन मगच त्याची काच पुसतात. हा मान मला कॉलेजने दिला नाही.

३. काकांना माझा आरसा. ताई बोलताना अडखळते, त्याची नक्कल करून ते पाहुण्यांना हसवतात. यापुढे ही हौस आरशासमोर भागवावी.

४. आता खरी मालमत्ता, म्हणजे मी रचलेली भाषा. ती ताईसाठी रचली. तिला अडणारे क, ट, प मी आधी काढूनच टाकले. ल, म, न, व ठेवले. ऐकायला लोण्यासारखी. कॉलेजच्या सरांनी शाबासकी दिली. ताई मात्र पहिल्याच शब्दात म वर अडली. "आवाज मऊ केलेस गं," ती म्हणाली, "पण घाई तीच ठेवलीस."

मग सगळे आवाज परत आणले आणि एकच नियम केला: शब्दाचा पहिला आवाज हवा तितका लांबवावा, हव्या तितक्या वेळा म्हणावा, जितका लांबेल, तितका समोरच्याचा मान मोठा. त्या भाषेत आमच्या घरात ताईइतक्या अदबीने कोणी बोलत नाही. काका उद्धट ठरतात.

५. एका कार्टूनपट काढणाऱ्या कंपनीला ही भाषा हवी आहे, पण हा नियम वगळून. म्हणे संवाद रेंगाळतात. काकांनी परस्पर शब्दही दिला: "पोरीचं काय, मी समजावतो." तर समजून घ्यावे: भाषा सर्वांना मोकळी आहे, नियम कापणाऱ्याला नाही. माझ्यामागे तिच्यावरचे सर्व हक्क ताईचे. कोणी नियम कापला, तर अडवायचे तिने. काका विचारतील, "ती काय बोलणार?"

६. ती बोलली आहे. आज सकाळी मी नकार कळवायला फोन लावला आणि ताईने तो माझ्या हातातून घेतला. दुकानात वाजणारा फोनही ती कधी उचलत नाही. पलीकडचा माणूस तिचे वाक्य स्वतःच पुरे करू लागला, की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. शेवटी तो गप्प बसला. "नाही" पूर्ण झाल्यावरच तिने फोन ठेवला.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस
सही: धाकटी

साक्षीदार (ताई वारस असल्याने तिची सही नाही):
घरमालकीणबाई
शेजारचे घड्याळजी
वरील नकार आम्ही दोघांनी समोर उभे राहून, शेवटपर्यंत ऐकला.