रायबंदरच्या पायरीवर

आये, तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. मी मालवणातच राहिलो, मालवणातच मास्तर झालो, आणि तुझ्या हाकेच्या बाहेर गेलो तो एकदाच, नाताळच्या सुट्टीत, परदेशी. तेव्हा आपला परदेश फार सोयीचा होता. संध्याकाळी मालवणला बोटीत बसायचं, जेमतेम एक झोप काढायची की पणजीचा धक्का. तिथं टोपीवाल्या पोर्तुगीज अंमलदारानं तू दिलेली कोकमांची पुडी उलगडून तिच्याकडं असं पाहिलं, की जणू हिच्यातूनच त्यांचं राज्य उलथणार आहे. पुढं ते उलथलं, पण कोकमांचा त्यात हात नव्हता.

निघताना तू चुलीपुढं बसली होतीस. मागं न बघता म्हणालीस, "पणजीत खंय जावचा थंय जा. रायबंदरात पाय ठेवू नको. माझो भाव दारात दिसलो तरी मान वर करू नको." आणि मग, मी काहीही विचारलं नसताना, त्या घराचा सगळा पत्ता दिलास. नदीच्या अंगाला रस्ता, निळं दार, पुढं बसायचा दगडी बाक, पायरीच्या उजव्या हाताला चाफा. ज्या घरापाशी थांबायचं नाही ते चुकू नये, याची एवढी काळजी मी दुसऱ्या कुणाला घेताना पाहिलेली नाही. तुझ्या लग्नात मानाचा नारळ आधी कुणाच्या हातात द्यायचा यावरून आपली माणसं आणि मामा भांडले, आणि तेव्हापासून दोन घरं तुटली ती तुटलीच. दोन्ही परसांत नारळ पडून कुजत होते, ही गोष्ट वेगळी.

पणजीत माझ्या शाळेतल्या जुन्या मित्राकडं उतरलो होतो. त्यानं मला न विचारता शर्यतीत माझं नाव घातलं. पणजीहून जुन्या गोव्याला जायचं आणि परत यायचं, तेरा मैल, अर्धी मॅरेथॉन म्हणे. मी म्हटलं, मी मास्तर आहे, मला मुलांच्या मागं धावायची सवय आहे, पुढं नाही. पण शर्यतीचा रस्ता त्यानं बोटानं दाखवला तेव्हा मी तयार झालो. तो रायबंदरातून जात होता, आणि जाताना एकदा, येताना एकदा, पाय ठेवणं भागच होतं.

सकाळचं धुकं अजून नदीवर आहे आणि मी धावतोय. पाय अनवाणी. बाजूची पोरं ओरडतायत, कुणासाठी ते कळत नाही, पण माझ्यासाठी नाही एवढं कळतं. एवढ्या माणसांत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. सगळे एकाच दिशेनं चाललेत आणि कुणी कुणाशी बोलत नाही. आपल्याकडं असं फक्त प्रेताबरोबर चालतात, आणि तिथंही कुणी ना कुणी भाताचा भाव काढतोच. जाताना निळं दार दिसलं. बाकावर एक गृहस्थ बसले होते. तुझंच नाक. मी मान वर केली नाही, तुझं ऐकलं.

येताना मात्र पोटऱ्या दगड झाल्या आणि त्या नेमक्या तिथंच झाल्या. चाफ्याला धरून मी उभा राहिलो. (पोटऱ्यांवर तुझ्या पोराचा तेवढा ताबा नव्हता, असंच समज.)

"उदक पियेतलो रे?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"खंयचो तूं?"

"मालवणचो."

"कोणाचो?"

आता दारात उभ्या माणसाला वडीलधाऱ्यानं हे विचारल्यावर उत्तर न देता पळून जाणारा माणूस आपल्या किनाऱ्यावर अजून जन्मायचाय. मी बाबांचं नाव सांगितलं. मामा उठले आणि आत गेले. शर्यतीत शहाणा माणूस तिथून निघाला असता. पण पाणी आणायला माणूस आत गेल्यावर निघायचं कसं? मी पायरीवर उभा. मागचे एकेक करून पुढं चाललेत. एक शिपाई शिट्टी वाजवून त्याच्या भाषेत माझ्यावर खेकसतोय. मामा आले ते तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन. मी गूळ खाल्ला, पाणी प्यायलो, तोवर ते नदीकडं बघत होते. मग म्हणाले, "तिका सांग..." आणि थांबले. मग माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. "वच, वच रे. तुज्या फाटले सगळे फुडें गेले!"

घरी आलो तेव्हा तू खोबरं वाटत होतीस. "कितवो इलस?"

"शेवटसून दुसरो."

"म्हणजे तुझ्या मागसूनय एक होतो? मगे बरा झाला."

मग मी सगळं सांगितलं. वरवंटा थांबला. "'तिका सांग' म्हणालो, तेवा तोंड कसा होता तेचा? रागान की बऱ्यान?"

"डोळ्यांत घाम गेल्लो, आये. माका काय दिसतला?"

"मास्तर झालस, आनि इतक्याव दिसाक नाय तुका!"

त्यानंतर ते वाक्य पुरं करायचा तुला नादच लागला. तांदूळ निवडताना मध्येच म्हणायचीस, "तिका सांग, फणस लागले, असा म्हणणार आसतलो." कधी, "तिका सांग, गाय व्याली." एकदा चिडून, "तिका सांग, नारळ माझोच होतो! दुसरा काय म्हणतलो तो?" आणि स्वतःच हसलीस. पुढं सरकारनं हद्द बंद केली, बोट थांबली, कोकमांनासुद्धा पलीकडं जाता येईना. हद्द उघडायच्या आधी तू गेलीस.

पोर्तुगीज गेल्यावर मी रायबंदरला गेलो तो तू गेल्याचं सांगायलाच. या खेपेला पुडी कुणी उघडली नाही, परदेशच रद्द झाला होता. मामा बाकावर होते, खूप थकलेले. मला ओळखलं आणि मी बसायच्या आत म्हणाले, "ती केन्ना येतली रे?" मी पिशवी खाली ठेवायला वाकलो. तर म्हणतात, "हांवें तुका सांगिल्लें न्हय? तिका येवंक सांग म्हूण?"

त्या दिवशी ते वाक्य स्वतःच पुरं केलं होतं, अशी मामांची खात्री आहे, आये. इतकी वर्षं ते निरोप पोचला म्हणून बसलेत. फणस, गाय, नारळ, तू सगळं धरलंस. 'तिला यायला सांग', तेवढं एकच कधी धरलं नाहीस. की मनात धरून तोंडानं बोलली नाहीस?

मी म्हटलं, "मे महिन्यात येतली."

तेव्हापासून दर सुट्टीत जातो आणि तुझ्या वतीनं नवी सबब सांगतो. कधी तुझे गुडघे दुखतात, कधी आंबे उतरवायचे असतात. लोकांची थट्टा करणारे माझे लेख इथं चार माणसं वाचतात आणि मला फार खरं बोलणारा समजतात. हे पत्र त्यांनी वाचू नये, आणि तुझ्याकडं जाणारी पेटी आपल्या पोस्टात नाही, म्हणून ते फडताळातच राहील. मामांचा जीव दुखू नये म्हणून मी खोटं बोलतो, असं लिहायला घेतलं होतं, पण ते पुरतं खरं नाही. उन्हं कलली की, तू वाट बघत असशील म्हणून, ते मला उठवतात, "वच आतां, ती वाट पळयता आसतली." आणि मी पिशवी उचलतो, आये, आणि खरोखरच घाईघाईनं निघतो.