दोन हिरव्या होड्या

मी, दगडाबाई भ्र. किशनराव कचरे, वय अंदाजे बाहत्तर, धंदा मासेमारी, रा. गंगाकाठ, ता. सोनपेठ, जि. परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. नाही असं जो म्हणेल, त्याला यातून काय मिळालं नाही ते आधी बघावं.

१. राहतं घर महारुद्र आणि हरिओम या माझ्या दोन मुलांना निम्मं निम्मं. चूल एक ठेवा, असं सांगण्याचा वेडेपणा मी करत नाही.

२. सगळी जाळी धाकटी सून राजेश्री हिला. थोरलीने मागू नयेत. तिला माशांच्या वासाने मळमळतं, असं तीच सांगत आली आहे.

३. चुलत दीर दत्तराव याने माझ्या मयतीला येऊ नये. त्याने आम्हाला जुनी होडी विकली, तिला ताजं डांबर होतं. डांबराखाली फळी कुजलेली निघाली, ती ऐन गंगेच्या (गोदावरीच्या) मधोमध. माझा मालक परत आला नाही. "मला काय माहीत?" असं दत्तराव तेव्हा म्हणाला, अजूनही म्हणतो.

४. आता होड्या. दोन्ही लाकडी, दोन्ही जुन्याच घेतलेल्या, लांबीरुंदीला सारख्या. आमच्यात वाटणी करताना थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, अशी रीत आहे. होड्या आजवर महारुद्रच वल्हवतो. हरिओम बाजारात मासे विकतो, त्याला त्यातलं कळत नाही. गेल्या महिन्यात महारुद्रने दोन्ही होड्यांना तळाला डांबर फासलं आणि वरून एकच हिरवा रंग दिला.

"माय, दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून रंगवल्या की," म्हणाला.

"मंग हरिओम पूर्णेच्या बाजाराला गेल्यावरच कसा रंग आठवला रं?"

हरिओमला सांगितलं, तर तो मलाच म्हणतो, "दादा सांगंल ती उचलतो, तो मला वाईट कशाला देईल? तू लय संशयी हायस." असाच विश्वास त्याच्या बापाने दत्तरावावर टाकला होता. मला एका घरात दुसऱ्यांदा तेच बघायचं नाही.

५. म्हणून अट अशी की, हरिओमने होडी उचलण्याआधी महारुद्रने स्वतःची बायकोपोरं बसवून दोन्ही होड्या पलीकडच्या काठाला नेऊन आणाव्यात. जिच्यात तो पोरं बसवणार नाही, ती फोडून चुलीत घालावी.

हे कलम आत्ता महारुद्रला वाचून दाखवलं. म्हणाला, "म्या एकलाच जाऊन येतो की. लेकरं कशाला?"

मी विचारलं, "कोणत्या होडीत लेकरं नको?"

तो कोपऱ्यातली कुऱ्हाड घेऊन गंगेकडे गेला. घाव ऐकू आले, तेव्हा हे लिहिणाऱ्या धम्मपाल सरांना बघायला पाठवलं. एक होडी फुटली आहे, आणि महारुद्र तिच्याजवळ बसून रडायलाय, असं ते सांगतात.

६. पाचवं कलम खोडू नये. उरलेली होडी दोघांची. तिच्यात दोघांनी बरोबरच बसावं. तरीही हरिओमने आधी तिच्या तळाचं डांबर खरवडून बघावं.

वाचून दाखवलं, ऐकलं, पटलं.

निशाणी डावा अंगठा : दगडाबाई भ्र. किशनराव कचरे

साक्षीदार :
१. धम्मपाल सिद्धोधन खंदारे, शिक्षक (लिहिणार)
२. परमेश्वर जीवन शिंदे, शेजारी

ठिकाण : गंगाकाठ, ता. सोनपेठ
दि. ११ मार्च २०२५