सहीची गिटार

यशोधरा,
जय भीम.

तुझ्या नवऱ्याला काल पुण्यात गिटार मीच निवडून दिली. मोठ्या वादकाची सही बघूनच महेंद्र हरखला. त्या गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्यांमधलं लाकूड खोल कोरलेलंय. तार अलगद धरावी लागते, जोरात दाबली की सूर चढतो. सुप्याच्या कारखान्यात नट आवळणारे हात त्याचे. "दादा, तुमी हुता म्हणून बरं झालं," म्हणत त्यानं माझा हात असा दाबला, की अजून ठणकतोय.

त्याला बेसूर कळणार नाही. तुझा कान मात्र मी तयार केला, आणि लग्न त्याच्याशी केलंस. आता रोज कामावरून आला की वाजवील, विचारील, "कसं वाटलं?" तू "छान" म्हणशील.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. गिटार पोचली असेलच.

तुझ्या गाण्याचा जुना साथीदार,
भीमराज