रबरी नळीवरच्या चकरा

प्रिय भिंगरी,

फोनवर बोलायला बसले की या घरात भिंतींना नाही, माणसांनाच कान फुटतात. तुझी आई भाजी चिरता चिरता थांबते, आणि तुझा बाप कधी नव्हे तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात येतो आणि रिकामा ग्लास धरून उभाच राहतो. म्हणून हे पत्र. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, यावर माझ्या आईचं आणि मास्तरांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस, मजकूर बघ.

इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो आणि तीही कुरकुरते, त्यामुळे दोघांना एकमेकांची सोबत आहे. तुझ्या बापाच्या ड्रायव्हिंग स्कूलला बरे दिवस आहेत. एक निवृत्त न्यायाधीश कित्येक महिने शिकायला येताहेत. जन्मभर दुसऱ्यांना घाम फोडला, आता क्लच सोडताना स्वतः भिजून निघतात. एवढ्या मोठ्या माणसावर ओरडता येत नाही, म्हणून तुझा बाप ती वाफ घरी येऊन काढतो. पण त्यातही पूर्वीचा जोर नाही. तू ताटावरून उठून गेलीस, त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांची खुशाली मला विचारता. मी काय टपालपेटी आहे?

ते भांडण आठवलं की वाईट वाटायला हवं, पण मला आधीचंच सगळं आठवतं आणि हसू येतं. तुमच्या रस्ते कार्यालयाची माणसं आली आणि आपल्या बाजाररस्त्यावर काळी रबरी नळी आडवी ठोकून गेली. तिच्यावरून चाक गेलं की गाडी मोजली जाते, एवढं लोकांना कळलं. पुढचं ऐकायला कोण थांबतंय! ज्या रस्त्याची अवस्था वाईट त्याचं काम आधी, हे तू घरीच बोलली होतीस. तुझा बाप पडला बायपास समितीचा अध्यक्ष. त्यानं सरळ हिशेब मांडला, जितक्या गाड्या जास्त तितका बायपास लवकर. झालं! फर्निचरवाल्याचा टेम्पो, बेकरीची व्हॅन, दंतवैद्याची चमचमणारी गाडी, शाळेची बस, ड्रायव्हिंग स्कूलच्या झाडून साऱ्या गाड्या बाहेर पडल्या. बाजारातून जायचं, पुलापाशी वळायचं आणि परत नळीवरून यायचं. मीसुद्धा बेकरीवाल्याच्या शेजारी बसून फिरले. फुकटची हवा कोण सोडतं? शववाहिनीही चकरा मारत होती. तिच्या मागचे लोक अदबीनं गाड्या हळू करायला लागले, तेव्हा तुझा बाप खिडकीतून डोकं काढून ओरडला, अरे रिकामी आहे ती, चला पुढे!

आता आपला रस्ता एरवी तुंबतो कशानं? ह्याच गाड्या दुकानांसमोर दोन-दोन रांगांत उभ्या करून माल उतरवतात म्हणून. त्या सगळ्याच्या सगळ्या फिरतीवर गेल्यावर रस्ता अडवणार कोण? तुमची माणसं तर नुसत्या गाड्या मोजत नव्हती, या टोकाहून त्या टोकाला पोचायला किती वेळ लागतो तेही बघत होती. कागदावर उतरलं काय, तर एवढी वाहतूक आणि तरी एक गाडी खोळंबत नाही, असला गुणी रस्ता साऱ्या विभागात दुसरा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

यादीत आपण तळाला गेलो आणि वर आला खाणीकडचा वळणाचा रस्ता. सभेत तू ते समजावून सांगत होतीस तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होते. गाड्या किती जातात एवढंच बघून भागत नाही, माणसं सुखरूप पोचतात का, रोज ठरल्या वेळेला पोचतात का, आजाऱ्याला दवाखाना वेळेत गाठता येतो का, हेही बघायचं. त्यावरून कुठलं काम आधी ते ठरवायचं, आणि काम झाल्यावर पुन्हा मोजायचं, म्हणजे त्याचा उपयोग झाला की नुसती खडी पडली ते कळतं. मला त्यातलं निम्मं कळलं आणि निम्मं फर्निचरवाल्याच्या ओरडण्यात बुडालं. घरच्याच मुलीनं गळा कापला, म्हणाला. तू घोटभर पाणी प्यायलीस आणि पुढचा तक्ता लावलास. तेव्हा मला बरं वाटलं होतं. सांगायचं राहून गेलं, कारण घरी आल्यावर जेवायला बसलो आणि ताटापेक्षा तोंडंच जास्त चालली.

तू बापाला म्हणालीस, खांबावरच्या कॅमेऱ्यात तीच शववाहिनी सारखी दिसते, एवढी माणसं मेली असती तर चकरा मारायला कोण उरलं असतं? आपल्या रस्त्याची ही मोजणी रद्द करा असं उद्या मीच साहेबांना सांगणार, पुढच्या खेपेला नव्यानं मोजू. तो म्हणाला, रद्द कशाला, एक आकडा इकडचा तिकडे कर, कुणाला कळणार आहे? तू म्हणालीस, मला कळेल. हरला की हा माणूस आवाज चढवतो, लहानपणापासूनची खोड आहे. तुझ्यापेक्षा परक्याची पोर बरी, असं बोलून बसला. तू हात धुतलेस आणि गेलीस. कुणाचं म्हणणं बरोबर होतं ते मला विचारू नकोस, तुला ठाऊक आहे. त्यालाही आता ठाऊक आहे. ते कसं झालं तेही ऐक.

तुला खोटं पाडायला तो न्यायाधीशांना घेऊन खाणीकडच्या रस्त्याला गेला. शिकाऊ माणूससुद्धा तिथून शीळ घालत जातो, असं त्याला दाखवायचं होतं. वळणावर समोरून दगडांनी भरलेला ट्रक आला. एका अंगाला खोल उतार, पुढे ट्रक आणि स्टिअरिंगवर न्यायाधीश! परत आले तेव्हा न्यायाधीश मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते आणि तुझा बाप इतक्या हळू गाडी चालवत होता की पायी माणूस पुढे निघून गेला असता. घरी येऊन गाडी धूत बसला. मला सगळं न्यायाधीशांनी सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या साक्षी ऐकल्या, पण स्वतःची झकास दिली. आता ते वळण तुम्ही रुंद केलंत. तुझा बाप नव्या शिकाऊंना मुद्दाम तिकडे नेतो आणि आल्यावर म्हणतो, काम बरं झालंय. त्याच्या तोंडचं ‘बरं’ म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचार. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या स्वयंपाकाला अजून मिळालेलं नाही.

मग त्याच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. दुकानादुकानांत जाऊन भांडला आणि बाजाराच्या वेळेत माल उतरवणं बंद करवलं. फर्निचरवाल्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं, तेवढीच घरात शांतता. रस्ता आता खरोखरच पळतो, नळीबिळी नसताना. इतका पळतो की मला ओलांडता येत नाही. भाजी पलीकडे, मी अलीकडे, आणि मधून सगळं जग घाईत. परवा त्यानं मला अशी ताटकळताना पाहिलं. दुसरा कुणी असता तर हात धरून पलीकडे नेलं असतं. हा घड्याळ काढून शेजारी उभा राहिला, चालत्या माणसाला किती थांबावं लागतं ते मोजायला! वर हळूच म्हणतो, आई, जरा लंगडत जा ना, आकडा चांगला येईल. मी भर रस्त्यात म्हटलं, मेल्या, तुझ्या पोरीनं आकडा हलवला नाही आणि मी पाय वाकडा करू? शरमेनं मान खाली घातली आणि हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सरळपणे मोजलं. माझं, शाळेच्या पोरांचं, बाबागाडी ढकलणाऱ्या शिंपिणीचं. ती सिग्नलवरसुद्धा थांबत नाही, ती थांबली म्हणजे बघ.

आता लिहायचं कारण. येत्या गुरुवारी तुमच्या कार्यालयात नव्या आराखड्याची सुनावणी आहे आणि तुझा बाप येणार आहे. बायपास मागायला नाही. पायी माणसाचा खोळंबाही तुमच्या मोजमापात धरा, एवढं सांगायला. आरशासमोर सराव चालू आहे आणि रोज ‘सन्माननीय’ला अडखळतो. तो तुझा बाप, म्हणून तुला त्या खोलीत बसता येणार नाही, तो नियम बरोबर आहे. दुसरे साहेब ऐकतील, पटलं तर घेतील, नाही पटलं तर नाही म्हणतील, त्यात तू पडू नकोस. पण नियमाचं निमित्त करून तू त्या दिवशी कुठल्या तरी पुलाच्या पाहणीला निघून जाशील, हे मला माहीत आहे. हट्टाच्या बाबतीत तू कुणाची पोर हे सांगायला नको. जाऊ नकोस. त्यानं मला हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही. काल फक्त विचारलं, त्या कार्यालयाजवळ जेवायला बरी जागा कुठे असेल, भिंगरीला ठाऊक असेल नाही? उभ्या जन्मात गाडी चालवून अर्धा मुलूख पालथा घातलेला माणूस, त्याला जेवायची जागा सापडत नाही होय! तेव्हा खोलीबाहेर जो बाक असेल त्यावर बसून राहा. तो बाहेर आला की तुला बघून आधी घड्याळात बघेल आणि उशीर झाला म्हणेल. तू ऊठ आणि म्हण, चला बाबा, जेवायला. माफी कुणी मागू नका, तुम्हा दोघांना ते जमत नाही आणि पुन्हा भांडण होईल.

तुझीच,
भाजीसाठी अजून अलीकडच्या फुटपाथवरच उभी असलेली,
आजी